पंचाहत्तर वर्षांची पावती

2006 साली शिकागो शहराने आपल्या मध्यवर्ती भागातले चार भूमिगत वाहनतळ एका खाजगी गुंतवणूकदाराला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देऊन टाकले. मिलेनियम पार्क आणि ग्रँट पार्कच्या हिरवळीखाली असलेल्या या तळांत नऊ हजारांवर गाड्या मावतात. शहराच्या तिजोरीत 56 कोटी 30 लाख डॉलर आले. करारात एक अट होती. या तळांच्या आसपास, ठरलेल्या हद्दीत, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही गाडी लावता येईल असा नवा तळ शहराने होऊ द्यायचा नाही. पुढे त्याच हद्दीत 'ॲक्वा' नावाचा उंच टॉवर उभा राहिला आणि त्याच्या पार्किंगला महापालिकेने सर्वांना खुल्या तळाचा परवाना दिला. भाडेपट्टेदार लवादाकडे गेला आणि जिंकला. शहराला जवळपास 5 कोटी 78 लाख डॉलर भरपाई बसली.

शहराने कुणाची जमीन हडपली नव्हती की कुणाचे पैसे बुडवले नव्हते. आपल्याच हद्दीतल्या एका इमारतीला रीतसर परवाना दिला होता. रोजच्या कारभारातलं साधं काम. पण ते काम मोकळेपणाने करायचा हक्क 2006 सालीच भाड्यात गेला होता.

वाहनतळ सरकारी असावेत की खाजगी, हा वाद निघाला की दोन्हीकडून ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, खाजगी माणसाकडे दिलं की दिवे लागतात, झाडू फिरतो, पावती मिळते. दुसरी म्हणते, खाजगी म्हणजे लूट. दोघांच्याही डोळ्यांसमोर फाटकावर उभा असलेला माणूस असतो. त्याला पगार कोण देतो यावर सगळं भांडण. मला तो माणूस कुणाचा आहे याने फारसा फरक पडत नाही. दर कोण ठरवणार, जागा किती असाव्यात हे कोण ठरवणार आणि उद्या विचार बदलला तर तो बदलायची मुभा कुणाकडे राहणार, एवढंच मी विचारतो. या तिन्ही गोष्टी लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या हातात असतील तर फाटकावर कुणीही उभं राहो. त्या हातातून सुटल्या, तर फाटकावर सरकारी टोपी असली काय आणि नसली काय.

शहराच्या मध्यभागातली पार्किंगची जागा हा बाजारातला साधा माल नाही. एक गाडी उभी राहायला बारा-तेरा चौरस मीटर लागतात. आत-बाहेर करायची वाट, वळणं, उतार धरले तर तळावर एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. अमेरिकेतले नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी हयात याच विषयात घालवली. मोटार आपल्या आयुष्यातला 95 टक्के वेळ उभीच असते, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. म्हणजे आपण ज्याला वाहतुकीचा प्रश्न म्हणतो, तो बराचसा उभं राहण्याचा प्रश्न आहे. आणि उभं राहायची ही जागा मध्यभागात वाढत नाही. तिथे चौक आहेत, दुकानं आहेत, न्यायालय आहे, जुनी देवळं किंवा चर्चं आहेत. गाड्यांना जागा द्यायची तर यांतलं काहीतरी पाडावं लागतं, नाहीतर जमिनीखाली किंवा हवेत जावं लागतं, आणि दोन्ही महाग.

त्यातून मक्तेदारी आपोआप जन्माला येते. कुणी कट करावा लागत नाही. गाडी लावणारा माणूस दर पाहतो त्याआधी चालायचं अंतर पाहतो. ज्याचं काम न्यायालयात आहे त्याला दोन किलोमीटरवरचा स्वस्त तळ असून नसल्यासारखा. म्हणून मध्यभागातल्या मोक्याच्या दोन-तीन तळांचा मालक एकच असेल, तर तिथला दर तो मालक बोलेल तो. इथे स्पर्धेने दर खाली येतील असं म्हणणारे लोक मला नेहमी थोडे भाबडे वाटतात. स्पर्धा यायला शेजारी दुसरा तळ उभा राहावा लागतो. शिकागोच्या करारातल्या त्या अटीने नेमकं तेच दार लावून घेतलं होतं.

या धंद्याची सुरुवात पाहिली तर पैसा हा हेतू मागच्या बाकावर बसलेला दिसतो. जगातलं पहिलं पार्किंग मीटर 16 जुलै 1935 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत लागलं. तिथल्या दुकानदारांची तक्रार अशी होती की, दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणारे लोकच सकाळी येऊन समोरच्या जागा दिवसभर अडवून बसतात, गिऱ्हाइकाला थांबायला जागा उरत नाही. कार्ल मॅगी नावाच्या वृत्तपत्रकाराने यावर नाणं टाकायचं घड्याळ सुचवलं. तासाला पाच सेंट. दर भारी नव्हता, पण दिवसभर गाडी उभी ठेवायची तर मध्येच उठून नाणं टाकायला यावं लागे, आणि तेवढा कंटाळा पुरला. आधी रस्त्याच्या एकाच बाजूला मीटर बसवले होते. थोड्याच दिवसांत दुसऱ्या बाजूचे दुकानदार म्हणू लागले, आमच्याकडेही बसवा.

जागा फिरती राहावी म्हणून केलेली ही युक्ती. वसुली तिच्या मागून आली. पार्किंगचा दर हा मुळात रहदारीचा नळ आहे, सोडायचा किती आणि आवळायचा किती हे पाहून फिरवायचा. तो उत्पन्नाचा स्रोत आहे असं एकदा डोक्यात बसलं की नळाचा उपयोग संपतो. आणि हे दोघांच्याही डोक्यात बसू शकतं, ठेकेदाराच्या आणि महापालिकेच्याही.

शिकागोला 2006 च्या भाडेपट्ट्याची चटक लागली म्हणायची. डिसेंबर 2008 मध्ये, आर्थिक मंदीने अंदाजपत्रकाला भगदाड पाडलेलं असताना, महापौर रिचर्ड डेली यांनी रस्त्यावरचे सगळे, म्हणजे सुमारे 36,000 मीटर 75 वर्षांसाठी भाड्याने देण्याचा करार सभागृहापुढे आणला. समोर मॉर्गन स्टॅन्ली या गुंतवणूक बँकेने पुढे केलेला गट, किंमत 115 कोटी डॉलरच्या थोडी वर. करार जाहीर झाल्यापासून दोन-तीन दिवसांत सभागृहाने तो 40 विरुद्ध 5 मतांनी मंजूर केला. पाऊण शतकाचा निर्णय, आणि घराला रंग कुठला द्यायचा यावर घरात होते तेवढीही चर्चा नाही.

पुढच्या वर्षी शहराचा कारभार तपासणाऱ्या शहराच्याच महानिरीक्षकांनी हिशेब मांडला. शहराने हे मीटर स्वतःकडेच ठेवले असते तर त्यांची किंमत मिळालेल्या रकमेपेक्षा किमान 97 कोटी 40 लाख डॉलरने जास्त भरली असती, असं त्या अहवालात आहे. दरम्यान दर चढत गेले. मध्यभागात तासाला तीन डॉलर पडत, ते 2013 पर्यंत साडेसहा झाले. बाहेरच्या वस्त्यांत पंचवीस सेंटवर भागत असे, तिथे दोन डॉलर. आलेली रक्कम शहराने काही वर्षांतच अंदाजपत्रकाची भोकं बुजवायला खर्च करून टाकली. गुंतवणूकदारांनी मात्र घातलेलं मुद्दल कराराची पंधराएक वर्षं होईतोवर मीटरांतून वसूल केलं, आणि साठ वर्षं अजून बाकी आहेत. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, ही म्हण या व्यवहाराला जितकी चपखल बसते तितकी क्वचितच कशाला बसत असेल.

पण दर वाढले, पैसे कमी मिळाले, हे मला या कहाणीतलं दुय्यम वाटतं. दर सरकारनेही वाढवले असते. कदाचित वाढवायलाच हवे होते, कारण पंचवीस सेंटमध्ये रस्ता तुंबणारच. खरा घोळ करारातल्या भरपाईच्या कलमात आहे. शहराने रस्त्यावरची मीटरची जागा काढली, किंवा रस्ता दुरुस्तीसाठी, मिरवणुकीसाठी बंद ठेवला, तर बुडालेल्या उत्पन्नाचा हिशेब करून भाडेपट्टेदाराला पैसे भरायचे. सायकलसाठी पट्टा आखायचा आहे? मीटर जाणार, दुसरीकडे द्या नाहीतर पैसे मोजा. बससाठी मार्गिका? तेच. फुटपाथ रुंद करायचा? तेच. रस्ता शहराचा, पण त्या रस्त्याचं काय करायचं हे ठरवताना दरवेळी तिसऱ्याच्या वहीत डोकावावं लागतं. रॅम एमॅन्युएल महापौर झाल्यावर 2013 मध्ये त्यांनी वाटाघाटी करून वस्त्यांमध्ये रविवारची पार्किंग मोफत करून घेतली, तर त्याच्या बदल्यात इतर दिवशी वसुलीचे तास लांबले. आपल्याच रस्त्यावर एक दिवसाची सवलत मिळवायची तर ती विकत घ्यावी लागली.

हा करार संपेल तेव्हा 2080 चं दशक असेल. तोवर मोटारी कशा चालतील, चालतील की नाही, त्यांना मध्यभागात उभं राहावं लागेल की माणसाला सोडून त्या आपसूक निघून जातील, हे आज कुणालाच ठाऊक नाही. ज्या गोष्टीबद्दल आपल्याला इतकं कमी कळतं, तिच्याबद्दल पाऊण शतकाची लेखी हमी देणं मला धाडसाचं नाही, अडाणीपणाचं वाटतं.

एक आक्षेप इथे रास्त आहे. खाजगी गुंतवणूकदार धोका पत्करतो, त्याचा मोबदला त्याने घेऊ नये का? घ्यावा. आणि धोका खरा असतो, हे त्याच भूमिगत तळांनी दाखवलं. मंदीनंतर गणित बसेना, कर्ज फिटेना, आणि 2014 मध्ये मॉर्गन स्टॅन्लीने (तळांची भाडेपट्टेदारही तीच) ते तळ धनकोंच्या हवाली केले. पण तळ शहराकडे परत आले का? नाही. धनकोंकडे गेले, पुढे नव्या मालकाकडे गेले, भाडेपट्टा तसाच पुढे चालू. ज्याच्याशी करार केला तो बुडाला तरी करार बुडत नाही. शहराच्या वाट्याला धोक्यातली सुटका आली नाही, फक्त समोरचा चेहरा बदलला.

आता दुसऱ्या बाजूचं बोलायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे सरकारी कारभाराची आरती होईल, आणि ती मला म्हणायची नाही.

लोकप्रतिनिधींच्या हातात पार्किंगचा दर दिला की दोन रोग जडतात. पहिला, फुकटाचा. निवडणूक आली की मध्यभागात दोन तास मोफत, सणाला मोफत, अमक्या गटाला मोफत. आईजीच्या जिवावर बायजी उदार. जागा फुकट झाली की ती सकाळी नऊला भरते आणि संध्याकाळपर्यंत भरलेलीच राहते; मग उरलेले सगळे घिरट्या घालत राहतात. शूप यांनी लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवुड व्हिलेज या पंधरा चौकांच्या भागाचं मोजमाप केलं होतं. स्वस्त जागेच्या शोधात तिथे गाड्या वर्षाला साडेनऊ लाख मैल जादा फिरत होत्या. मोफत जागेची किंमत अशी पेट्रोल आणि धुराच्या रूपाने चुकती होते, आणि ज्याच्याकडे गाडीच नाही तोही त्यात आपला वाटा भरतो.

दुसरा रोग याच्या उलटा, गल्ल्याचा. लंडनमधल्या बार्नेट या विभागाच्या स्थानिक परिषदेने 2011 मध्ये रहिवाशांच्या पार्किंग परवान्याचं शुल्क 40 पौंडांवरून थेट 100 पौंडांवर नेलं. रहिवासी न्यायालयात गेले. 2013 मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरवली. 1984 च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याने परिषदेला दिलेला अधिकार रहदारी आणि पार्किंगचं नियमन करण्यासाठी आहे, इतर खर्चासाठी पैसा उभा करायला तो वापरता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. सरकार म्हटलं की हेतू शुद्ध, असं मानणाऱ्यांनी हा खटला आठवावा. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

पण या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो. बार्नेटच्या रहिवाशांना दाद मागायला जागा होती आणि त्यांना दोन वर्षांत दाद मिळाली. शिकागोतल्या नागरिकाने काय करावं? महापौर बदलले, सभागृह बदललं, मीटर तिथेच. सरकारही चुकतं, सर्रास चुकतं. पण ती चूक फोडून पुन्हा जुळवता येते. दीर्घ भाडेपट्टा म्हणजे चुकीवर सिमेंट ओतण्यासारखं.

दर योग्य ठेवणं आणि उत्पन्न जास्तीत जास्त काढणं या दोन गोष्टी एकच आहेत, असा एक गैरसमज शिकल्यासवरल्या लोकांतही आढळतो. त्या एक नाहीत. शूप यांचं सूत्र साधं होतं: दर असा ठेवा की प्रत्येक रस्त्यावर एखाद-दुसरी जागा सतत मोकळी मिळेल, साधारण 85 टक्के भरलेलं, 15 टक्के रिकामं. व्यापाऱ्याचं सूत्र वेगळं असतं, आणि त्याने ते वेगळं ठेवण्यात काही गैर नाही. अर्धा तळ रिकामा ठेवून दुप्पट दर लावला आणि त्यात जास्त पैसे सुटले, तर तो तसंच करेल. त्याचं बरोबरच आहे. फक्त रिकाम्या अर्ध्या तळासमोरच्या रस्त्यावर ज्या गाड्या दुहेरी लागतात, त्यांचा खर्च त्याच्या वहीत कुठेच येत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने 2011 मध्ये केंद्र सरकारच्या मदतीने एक प्रयोग केला, एसएफपार्क. काही भागांत रस्त्यावरच्या मीटरचे आणि शहराच्या मालकीच्या तळांचे दर मागणी पाहून थोडे थोडे वर-खाली करायचे. जिथे गर्दी तिथे महाग, जिथे शुकशुकाट तिथे स्वस्त. सगळ्यांना वाटलं, आता लुबाडणूक सुरू. दोनेक वर्षांनी हिशेब झाला तेव्हा त्या भागांतल्या मीटरचा सरासरी दर तासाला 11 सेंटने आणि तळांचा 42 सेंटने उतरला होता. हे कसं जमलं? रस्ता आणि तळ एकाच हातात होते म्हणून. रस्त्यावरची जागा तळापेक्षा महाग ठेवली की गाडी तळात जाते. स्वस्त ठेवली की तळ ओस पडतो आणि रस्ता तुंबतो. रस्ता एकाकडे आणि तळ दुसऱ्याकडे, आणि दोघांच्या करारांत एकमेकांचा उल्लेखही नाही, अशा ठिकाणी हे दोन नळ मिळून फिरवणार कोण?

मी हे लिहितोय खरा, पण जपानचं उदाहरण माझ्या मताला टोचतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जपानी शहरांत वाहनतळ बहुतांशी खाजगी आहेत. दोन इमारतींच्या सांदीत, पाडलेल्या घराच्या रिकाम्या तुकड्यावर, चार-पाच गाड्यांचे चिमुकले तळ दिसतात. नाणी किंवा कार्ड टाका आणि गाडी काढा. मालक अनेक, दर उघड, व्यवस्था चोख. खाजगीकरणाचे पुरस्कर्ते हे दाखवून म्हणतात, पाहा, बाजार करतो की नाही?

करतो. पण त्या बाजाराच्या खाली काय आहे ते त्यांनी सांगितलेलं मी फार कमी वेळा ऐकलं. जपानमध्ये 1962 च्या कायद्यानुसार, गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे याचा दाखला पोलिसांकडून घेतल्याशिवाय मोटार नोंदवता येत नाही. छोट्या गाड्यांना आणि काही भागांना यात सवलती आहेत, पण शहरांचा नियम हाच. रात्री रस्त्यावर एकाच जागी आठ तासांहून जास्त वेळ गाडी ठेवणं बेकायदा. म्हणजे रस्त्यावरची फुकट जागा सरकारने आधी बंद केली, मग तिच्या बाहेर खाजगी बाजार वाढला. रस्त्याचा मालक कोण, यावर तिथे वादच नाही. आधी रस्ता कडक हातात घेऊन नंतर तळ मोकळे सोडले, तर माझी हरकत नाही. आपल्याकडून बहुतेक वेळा उलटं होतं, रस्ता सैल सोडायचा आणि तळ बांधून द्यायचे. मग तळ ओस पडतात आणि ठेकेदार म्हणतो, तोटा होतो, भरपाई द्या.

अंमलबजावणी, म्हणजे दंड लावणं, हा या विषयातला सगळ्यांत चिघळणारा भाग. इंग्लंडमध्ये चेम्सफर्ड इथल्या एका खरेदी संकुलाच्या तळावर दोन तास मोफत होते. एक चालक 56 मिनिटं जास्त थांबला आणि त्याला 85 पौंडांची मागणी आली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2015 मध्ये न्यायालयाने आकारणी वैध ठरवली. जागा फिरती ठेवण्यात मालकाचा रास्त स्वार्थ आहे, हे कारण. ओक्लाहोमाच्या दुकानदारांचीही तीच तक्रार होती, हे खरं. पण निकालात नोंदलेली एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते: तळ सांभाळणारी कंपनी जागेच्या मालकाला आठवड्याला 1,000 पौंड देत होती, आणि तिची कमाई जादा थांबणाऱ्यांच्या दंडातून होत होती. म्हणजे सगळ्यांनी नियम पाळले तर कंपनीचं दिवाळं. नियम पाळले जावेत म्हणून ज्याला नेमायचं, त्याचं पोट नियम मोडण्यावर! असा करार कायद्यात बसत असेल, शहराच्या मध्यभागाला तो नको.

नेमकी दुसऱ्या टोकाची गंमत पॅरिसला झाली. 2018 पासून त्या शहराने रस्त्यावरच्या पार्किंगची तपासणी खाजगी कंपन्यांना दिली. किती गाड्या तपासल्या यावर ठेक्याची मोजणी होती, तर काही कर्मचाऱ्यांनी तपासल्याच्या खोट्या नोंदी भरल्याचं उघड झालं. जे मोजाल ते मिळतं. रस्त्यावर ते असेलच असं नाही. ठेका वाईट म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही. ठेका लिहिणाऱ्याने गर्दी मोजायच्या ऐवजी तपासण्या मोजल्या. नीट ठेका लिहायला हुशार अधिकारी लागतात, आणि 'खाजगीकडे दिलं की सुटलो' म्हणणारी महापालिका पहिली काटछाट याच अधिकाऱ्यांच्या पदांवर करते.

माझ्या मते मालकीच्या वादापलीकडचा सर्वांत शहाणा निर्णय स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकने घेतला. 1996 मध्ये तिथे मोटारवाले आणि मोटारविरोधी पक्ष यांच्यात तडजोड झाली: मध्यभागात पार्किंगच्या एकूण जागा 1990 इतक्याच राहतील. नवा भूमिगत तळ बांधायचा असेल तर बांधा, पण जितक्या जागा खाली होतील तितक्या वर रस्त्यावरून काढायच्या. त्यामुळे काही चौक गाड्यांपासून मोकळे झाले आणि तिथे माणसं बसू लागली. या तडजोडीत तळ कुणी बांधायचा यावर बंधन नव्हतं. आकडा मात्र शहराचा. तळ खाजगी, संख्या सार्वजनिक. अशी मर्यादा शिकागोच्या करारात बसवून पाहा: काढलेल्या प्रत्येक जागेमागे भरपाईचं बिल.

मग ठेका द्यायचाच नाही का? द्यावा. बहुमजली तळ बांधायला भांडवल लागतं, ते नेहमी पालिकेकडे असतं असं नाही. यंत्रं, फाटकं, ॲप, सफाई, रात्रपाळी, यात खाजगी माणूस बहुधा उजवा ठरतो. पण ठेका पाच-सात वर्षांचा असावा, बांधकामाचा असेल तर भांडवल फिटेल इतक्याच वर्षांचा. ठेकेदाराला कामाचा मोबदला मिळावा, दंडातला हिस्सा नव्हे. दर सभागृहाने ठरवावा आणि बदलावा. शेजारी दुसरा तळ होऊ देणार नाही, रस्ता बंद केला तर भरपाई देऊ, असली आश्वासनं कुणालाच देऊ नयेत. कुठला तळ किती वाजता किती भरतो याची आकडेवारी शहराच्या मालकीची असावी आणि ती कुणालाही पाहता यावी. या शेवटच्या गोष्टीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि ठेका संपताना तीच नडते: दहा वर्षं तळ चालवणाऱ्याला त्याची खरी कमाई ठाऊक असते, पालिकेला नसते, मग नवा ठेका जुन्याच माणसाच्या मनासारखा निघतो.

एवढ्या अटींवर खाजगी माणूस येणारच नाही, असं मला कुणी सांगतं, तेव्हा मला ते पटत नाही. तो येतो. फक्त एकरकमी मोठी थैली घेऊन येत नाही. आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण मोह त्या थैलीचा असतो. पन्नास वर्षांचं उत्पन्न आज हातात मिळालं की आजचे पदाधिकारी सुटतात. तेव्हा जे जन्मलेही नव्हते, ते पुढे मीटरमध्ये नाणी टाकत बसतात.

अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग शहरापुढे 2010 मध्ये हीच थैली आली होती. कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधी खंगला होता, राज्य सरकार तो ताब्यात घ्यायच्या बेतात होतं, आणि महापौर ल्यूक रेवनस्टाल यांनी शहराचे तळ आणि मीटर 50 वर्षांसाठी 45 कोटी 20 लाख डॉलरला द्यायचा प्रस्ताव आणला. शिकागोची कहाणी तोवर सगळीकडे पसरली होती. नगरसभेने प्रस्ताव फेटाळला. त्याऐवजी पुढच्या अनेक वर्षांचं पार्किंग कराचं उत्पन्न निवृत्तिवेतन निधीकडे वळवलं. हाही भविष्यावरचा बोजाच, आणि काही शहाण्यांनी तेव्हा तसं म्हटलंही. पण तळ शहराचेच राहिले, रस्ते शहराचेच राहिले. दर वाढला की तिथले लोक आजही आपल्याच नगरसेवकाला शिव्या घालतात, आणि त्या त्याला ऐकून घ्याव्या लागतात.